हळदीतलं निळं

डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी खुपलं. फार नाही, गव्हाचं कुसळ पोलक्यात राहून जावं तेवढंच. माझी होणारी नणंद क्रांती आंब्याचं पान वाटीत बुडवून माझ्या पावलांपासून हळद लावत वर आली होती आणि डावा हात आता संपवत आणला होता. तिच्यामागं बायकांचं गाणं चाललं होतं, माडीच्या सज्ज्यावर घातलेल्या मांडवाच्या कापडातून मे महिन्याचं ऊन झिरपत होतं, आणि मी पाटावर शहाण्या मुलीसारखी बसले होते, जी मी कधीच नव्हते. नवरीनं हळद लागताना हलायचं नसतं, बोलायचं नसतं, खाजवायचं तर मुळीच नसतं. मी खाजवलं. ओल्या पिवळ्या लगद्याबरोबर नखात एक कण आला. तिळाहून लहान, चपटा, एका कडेला टोक असलेला. अंगठ्यावर घेऊन मी तो उन्हात धरला. तो निळा होता.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. निळे किती तऱ्हांचे असतात हे सांगण्यात माझा निम्मा जन्म जाणार आहे, आणि मुली मात्र आभाळ, कृष्णेचं पाणी आणि बाळकृष्ण या तिघांनाही एकाच वडीतून रंगवणार आहेत. पण हा निळा मी झोपेतून उठवलं तरी ओळखला असता. किंचित हिरव्याकडे झुकलेला, वर तेलकट चमक. असा निळा फुलात नसतो, पाखरात नसतो. हा तात्यांचा निळा होता. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांचं गणपती पेठेत प्लॅस्टिकच्या कागदाचं दुकान आहे. बाकीचे दुकानदार काळा किंवा पिवळा कागद ठेवतात. तात्या मुंबईच्या कारखान्यात जाऊन ठिय्या मारून बसले आणि हा रंग त्यांनी आपल्या पसंतीनं करून घेतला, म्हणजे शेतात लांबून दिसला तरी लोकांनी म्हणावं, हा सांगलीच्या तात्यांचा कागद. आणि लोक म्हणायचे. लहानपणी एसटीतून कुठंही जाताना गळक्या कौलांवर, कडब्याच्या गंजीवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर हा निळा दिसायचा आणि मला वाटायचं, एवढा सगळा मुलूख आमचाच आहे. आज तो मुलूख माझ्या कोपरात घुसला होता आणि मला त्याचं हसू आलं. नवरी एकटीच हसते आहे हे बघून आईनं डोळे वटारले.

शाळा सुटली की मी घरी न जाता दुकानात जायचे आणि कागदाच्या गुंडाळ्यांवर आडवी व्हायचे. गालाला कागद चिकटायचा. उठताना चर्र करून सुटायचा आणि त्याचा वास अंगाला रात्रीपर्यंत राहायचा. गोडसर, थोडा रॉकेलकडे जाणारा तो वास मला आवडायचा, हे आता लपवून काय करायचं? त्या वासात तात्या होते. तात्या मूळचे माणातले, दहिवडीच्या पुढचे. तिथल्या बहुतेक पुरुषांसारखे तेही मुंबईला गेले आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागले. बहात्तरच्या दुष्काळात गावी येताना त्यांनी कारखान्यानं टाकून दिलेला फाटका कागद वळकटीत बांधून आणला, मेंढरांसाठी खड्डा खणला, त्यात तो अंथरला आणि वर टँकरचं पाणी ओतलं. माणच्या मातीत ओतलेलं पाणी बघता बघता नाहीसं होतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सकाळी जाऊन बघतात तर पाणी जागच्या जागी. त्यात आभाळ दिसत होतं. मेंढरं प्यायली, शेजारची शेरडं प्यायली, आजी ओंजळीनं प्यायली. ही गोष्ट तात्या गिऱ्हाइकाला सांगायचे, पाहुण्याला सांगायचे, मला तर रोज सांगायचे. "थेंब हालला न्हवता, अपूर्वा," म्हणायचे आणि त्यांचा आवाज देवाची गोष्ट सांगताना लोकांचा होतो तसा व्हायचा. ज्या माणसानं आयुष्यात एकदाच चमत्कार बघितला आणि तोच विकायला घेतला, त्याच्याशी भांडायचं कसं हे मला कधी कळलं नाही. तरी मी भांडत आले. घरात भांडणारी मी एकटीच.

पण हा कण माझ्या हळदीत आला कसा, याचा विचार मी पाटावर बसूनच करू लागले, कारण दुसरं काही करायची मुभा नव्हती. ही हळद आमच्या घरची नव्हती. ही उष्टी हळद होती. आधी नवऱ्या मुलाला लागते, त्यातली उरलेली वाटी त्याची बहीण करवली म्हणून घेऊन येते, आणि ती नवरीला लागते. सकाळी हरिपुरात वीरधवलला हळद लागली आणि त्याची धाकटी बहीण क्रांती ती वाटी हिरव्या साडीबरोबर, वर केळीचं पान झाकून, रिक्षातून मांडीवर धरून घेऊन आली. मोठ्या अभिमानानं तिनं सांगितलं होतं की ही बाजारची नव्हे. त्यांच्या घराण्याची रीत अशी की लग्नाची हळकुंडं जमिनीखालचं पेव उघडून काढायची, पेवाच्या कडेची, पहिल्या हाताची, आणि ती धुवायची नाहीत. धुतली की हळदीचा मान जातो. घरच्या थोरल्या बाईनं ती उखळात कांडायची आणि चाळून भिजवायची. म्हणजे वीरधवलच्या आईनं, मनुबाईंनी. बाजारात जाणारी हळद पिंपात घासून लखलखीत होऊन जाते, तिच्यावरची घाण तिथंच झडते. मानाची हळद तेवढी जशीच्या तशी राहते. पेवात जे असेल ते तिच्या अंगाला असतं.

आणि पेवात काय होतं हे मला माहीत होतं, कारण तो कागद त्यांनी घेतला तेव्हा मी तिथं होते. मी सातवीत असेन. तात्यांनी मला स्कूटरवर मागं बसवून हरिपूरला नेलं होतं. हरिपूरच्या जमिनीचा गुणच वेगळा. तिथं घरं मावतील इतके खोल खड्डे खणतात, त्यांना उसाच्या पाचटाचं आणि चटयांचं अस्तर लावतात, आत हळद भरतात आणि तोंड मातीनं लिंपून टाकतात. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली तरी हळद आत निजून असते, किडत नाही. ही पेवं. तात्यांना तिथं आपला कागद खपवायचा होता. वीरधवलचे आजोबा, आकारामआजोबा, हे तिथले जाणते पेववाले. त्यांच्या अंगणात तात्यांनी चौघांना कागदाची चार टोकं धरायला लावली आणि मध्ये घागरीनं पाणी ओतलं. चौथं टोक वीरधवलनं धरलं होतं आणि पाण्याच्या वजनानं तो पुढं ओढला जात होता. आकारामआजोबा कमरेत वाकून त्या कागदाखाली शिरले, उताणे झोपले आणि खालून पाण्याकडे बघत राहिले. नातवंडासारखे हसत होते. बाहेर आले ते कागदावरून हात फिरवतच, लुगड्याचा पोत बघावा तसा. "वरनं पूर आला तरी आता भ्या न्हाई," म्हणाले. तात्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की हा कुजत नाही, तुमचा नातू म्हातारा होईल तरी असाच असेल. त्या दिवशी अख्ख्या आळीनं कागद घेतला. आमची आणि त्यांची ओळख तिथली. पुढं ती सोयरीक झाली, तर लोकांना त्यात काही नवल वाटलं नाही.

तात्या खोटं बोलले नव्हते. तो कुजला नाहीच. पण नवा कोरा कागद थेट जमिनीखाली कोण घालतो? आपल्याकडं कुठली नवी वस्तू आधी राबवून न घेता बाजूला ठेवतात? शिजवलेली हळद वाळवायला तो खळ्यावर अंथरला, एक उन्हाळा, दुसरा, तिसरा. चांगला पिवळा झाला की झटकला, घडी घातली, आणि अजून धडधाकट दिसतोय, टाकवत नाही, म्हणून मग पेवात गेला. उन्हानं त्याचा जीव गेलेला असतो पण रंग तेवढा जात नाही, त्यामुळं कुणाला कळत नाही. पेवात माणूस उतरतो, पाट्यांनी हळद भरतो, त्याचे पाय कागदावर पडतात, काढताना परत पडतात, आणि प्रत्येक पावलागणिक घडीच्या जागी कागदाचा भुगा होतो. कडेच्या हळकुंडांच्या खाचांत तो बसतो. मानाची हळद कडेचीच घ्यायची असते. मनुबाईंनी उखळात मुसळ घातलं तेव्हा हळकुंडाबरोबर तो कागदही कांडला गेला. चाळणीतून हळद जाते, तिथून तोही जातो. हे सगळं मला पाटावर बसल्या बसल्या असं दिसलं की जणू मीच पेवात उभी होते, आणि अंगावरची हळद एकदम जड झाली.

हे मला कळायला आकारामआजोबांच्या पेवापर्यंत जायची तरी काय गरज होती? आमच्याच गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती तोच कागद गुंडाळलेला आहे. दर उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात आणि गच्चीभर होतात. आई ते झाडते, वर बादलीभर पाणी ओतते आणि गच्ची लख्ख झाली म्हणून समाधानानं खाली येते. पाणी पन्हळीतून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून कृष्णेत. आणि आमच्या टाकीत पाणी येतं ते कुठून? एकदा मी हे आईला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, तुला काही काम नाही. खरंच नव्हतं. मी घाटावर जाऊन चित्रं काढत बसायचे आणि वाळूत निळे, लाल, दुधाच्या पिशवीचे पांढरे ठिपके दिसायचे, चिमटीत न येणारे. चित्रात वाळू रंगवताना मी ते वगळायचे. वाळू अशी नसते, असं मनाला सांगायचे. कुजत नाही याचा अर्थ जात नाही एवढाच. ते बारीक होतं. बारीक झालं की दिसत नाही, आणि दिसेनासं झालं की आपण म्हणतो, गेलं. नदीची ओटी भरतो आपण, खणानारळानं, आणि आपलं निळं तिच्याच पोटात सोडतो. मला राग आला की माझे कान तापतात. माझे कान तापायला लागले होते.

माझ्या अंगठ्यावर काहीतरी आहे हे शालूआत्यानं हेरलं. शालूआत्या तात्यांची थोरली बहीण, माणातून दोन दिवस आधी आलेली आणि आल्या क्षणापासून घराचा कारभार हाती घेतलेली. तिनं माझा हात धरला, कण बघितला, मग क्रांतीच्या हातातली वाटी घेऊन उन्हात कलती केली. वाटीत आणखी होते. एकदा दिसायला लागले की दिसतच राहतात. गाणं एकेक आवाज गळत थांबलं. "उष्ट्या हळदीत ह्ये काय कालवून आणलंय?" आत्यानं विचारलं, आणि तिच्या आवाजावरूनच सगळ्यांना कळलं की तिला काय म्हणायचं आहे. तो शब्द आधी कुणी उच्चारला नाही. मग मागून कुणीतरी उच्चारला. करणी.

नंतर जे झालं ते फार भराभर झालं आणि फार हळू आवाजात झालं. एकीला खंडाळ्याकडची कुणी नवरी आठवली, जिच्या हळदीत केस निघाला होता आणि जिनं वर्षाच्या आत हाय खाल्ली. दुसरीला आठवलं की मनुबाईंच्या मनात सून म्हणून आधी त्यांच्या भावाची मुलगी होती. तिसरी म्हणाली, वाटी आल्या रिक्षानं परत पाठवा, पुढचं पुढं बघू. उष्टी हळद परत पाठवायची म्हणजे लग्न मोडायचं, याचं भान तिलाही असणार, पण बोलताना माणसाला किती सोपं जातं. आई पुढं झाली आणि म्हणाली की कुणाची तरी बांगडी फुटली असेल. बांगडी फुटणं हा त्याहून मोठा अपशकुन, हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली. क्रांती आंब्याचं पान हातात घेऊन उभी होती. पानावरची हळद तिच्या नव्या साडीवर ठिबकत होती आणि तिला ते कळत नव्हतं. वीस-एकवीस वर्षांची पोर, भावाच्या लग्नात मिरवायला आलेली.

"आत्याबाई, आईनं सोता कांडलीया," ती म्हणाली. "काल उपास धरून कांडली. दुसऱ्या कुनाचा हातबी लागू दिला न्हाई."

हे तिनं आईची बाजू म्हणून सांगितलं होतं, पण त्या घोळक्यात ते कसं ऐकू गेलं ते मला बायकांच्या तोंडांवर दिसलं. मला वीरधवल हवा होता. हे मी लाजून सांगत नाही, सरळ सांगते. मोठ्या मुश्किलीनं एक माणूस मिळाला होता, ज्याच्यासमोर मला बोलताना आवाज लहान करावा लागत नव्हता. मी गप्प राहिले असते तर एक तर तो जाणार होता, नाही तर राहिला असता आणि त्याच्या आईच्या कपाळी हे जन्मभर चिकटलं असतं: सुनेच्या हळदीत करणी करणारी. आणि बोलले तर? खाली अंगणातल्या मांडवात अर्धं हरिपूर जेवायची वाट बघत बसलं होतं, सगळी तात्यांची गिऱ्हाइकं. तात्यांचं नाव तात्यांच्याच दारात, त्यांच्या मुलीनं, तिच्या हळदीला खाली पाडायचं. आईचे डोळे मला सांगत होते की गप्प बस, धुऊन टाकू, कुणाला कळणार आहे? तिचे डोळे मला आयुष्यभर हेच सांगत आले. धुऊन टाकू. पन्हळीतून जाईल.

"करणी नाही," मी म्हणाले. "आपल्या दुकानातला कागद आहे."

नवरी बोलली याचाच धक्का आधी बसला. काय बोलली ते नंतर उमजलं. आत्या माझ्याकडं बघत राहिली आणि आई भिंतीला टेकली. मी आईला म्हणाले, तात्यांना वर बोलव. ती हलली नाही, तेव्हा मीच जिन्याकडं तोंड करून हाक मारली.

तात्या आचाऱ्यापाशी उभे होते, तसेच खांद्यावर पंचा टाकून आले. बायकांच्या घोळक्यात पुरुषानं यायचं म्हणून खालमानेनं, थोडं हसत. मी अंगठा पुढं केला. त्यांनी तो कण चिमटीत घेतला, चिमटी चोळली, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. दिवे गेलेले असताना गुंडाळीवर हात ठेवून किती जाडीचा कागद आहे हे सांगणारा माणूस. त्यांना कळलं. हसू गेलं नाही, तोंडावर तसंच विसरून राहिलं.

"आपला न्हाई," ते म्हणाले. तात्या सांगलीत सांगलीसारखं बोलतात, पण घाबरले की माणातलं बोलतात. "आपला कागद आसा हुत न्हाई. कुजत न्हाई आपला कागद."

म्हणजे मग कुणाचा, असं आत्यानं विचारलं आणि तिची मान पुन्हा क्रांतीकडं वळली. त्या वळणाऱ्या मानेनं माझा निश्चय झाला. मी पाटावरून उठले. हळदीच्या अंगानं उघड्यावर जाऊ नये, वाऱ्यावरचं काहीबाही धरतं, हे आत्यानं दोनदा सांगितलं. कशानं काय धरतं हे मी न्हाण आल्या दिवसापासून ऐकते आहे. सावलीनं धरतं, तिन्हीसांजेनं धरतं, लिंबानं धरतं, आणि इथं डोळ्यांसमोर हळदीत जे धरलं होतं त्याला मात्र नाव नव्हतं. मी जिना चढून गच्चीवर गेले. फरशी पायांना भाजत होती, ओल्या हळदीची पावलं मागं उमटत होती आणि तिथल्या तिथं वाळत होती. टाकीच्या दक्षिणेकडच्या बाजूला कागद सगळ्यांत जास्त तापतो. मी तो धरून ओढला. फाटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या मुठीएवढा तुकडा नुसता हातात आला. समोर सांगली पसरली होती, दुपारच्या उन्हात, आणि घराघरांवर, टपऱ्यांवर, दूर नदीपलीकडच्या शेतांवर तो निळा चमकत होता. किती वर्षं मी त्याला आपला मुलूख म्हणत आले. त्या क्षणी मला तो मोजता आला नाही, आणि कुणालाच येणार नाही हे कळून मी जरा वेळ तिथंच उभी राहिले.

खाली आल्यावर मी ओवाळायच्या ताटातला करंडा आणि निरांजन बाजूला काढलं आणि रिकाम्या ताटावर तो तुकडा दोन्ही तळव्यांत धरून चोळला, ओवा चुरतात तसा. एवढंच. मला जोरही लावावा लागला नाही. ताटभर निळी भुकटी पडली. तिच्यातलं थोडं मांडवातल्या पंख्याच्या वाऱ्यानं उडालं, बायकांच्या शालूंवर, तांदळाच्या अक्षतांवर, आत्याच्या पांढऱ्या केसांवर बसलं. ताट आणि वाटी मी शेजारी शेजारी तात्यांच्या पुढ्यात ठेवली. बोलायचं खूप होतं. या माणसानं मेंढरांना पाणी पाजलं होतं, माझी फी भरली होती, हा मांडव घातला होता, आणि सगळं या निळ्यातून केलं होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच त्यांनी खोटं बोलावं हे मला सहन होत नव्हतं. परक्याचं खोटं सहन होतं.

तात्या खाली बसले. खिशातून चष्मा काढून लावला. "थांब, निवडतो," म्हणाले, आणि वाटीत करंगळी घालून एक कण टोकावर घ्यायला लागले. कण करंगळीच्या टोकावर येईना. दाबला की त्याचे दोन व्हायचे. दोन दाबले की चार. त्यांनी आईकडून सुई मागून घेतली, सुईनं बघितलं, पंचाच्या टोकानं टिपून बघितलं. त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. क्रांती पान टाकून त्यांच्यासमोर बसली आणि तीही निवडायला लागली. सासरघरची करवली आणि नवरीचा बाप, एका वाटीवर वाकून. कुणी गात नव्हतं. खालून आचारी ओरडला की भात होत आला. मी त्यांना निवडू दिलं. यात थोडा दुष्टपणा होता, असेल. पण माणूस जे आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात देत आला, ते एकदा तरी त्यानं परत गोळा करून बघावं असं मला वाटत होतं.

ते परत सुई घालायला लागले तेव्हा मी वाटी काढून घेतली. "तात्या, हे निवडून होणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही लावा मला."

त्यांनी वर बघितलं. बापानं अशी मध्येच हळद लावायची रीत नाही, असं कुणीतरी पुटपुटलं. तात्यांनी मान हलवली. "येवढं नगं करायला लावूस मला," ते म्हणाले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडावंसं वाटलं आणि त्याबरोबर रागही तेवढाच आला, कारण रडले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. बायका रडल्या असत्या, क्रांती रडली असती, वाटी मोरीत गेली असती आणि सोमवारी दुकान उघडलं असतं. मी उजवा हात पुढं केला. तो कोरा होता अजून. मी हात तसाच धरून ठेवला, खांदा दुखायला लागला तरी.

तात्यांनी वाटीत बोटं घातली. माझ्या मनगटापासून वर कोपरापर्यंत त्यांनी हळद लावली, सावकाश, कुठं खुपू नये असं बघत, आणि त्यात ठिकठिकाणी निळं चमकत होतं. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. क्रांतीही उठली. सत्तरीकडं झुकलेल्या माझ्या बापानं त्या पोरीपुढं हळदीचे हात जोडले, आणि खालच्या मांडवात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माल आमचा हाय, पोरी. आईला सांग. तिच्या कांडण्यात काय चूक न्हाई."

क्रांतीनं त्यांचे हात धरून खाली केले. आत्या इतका वेळ उभी होती. तिनं वाटीकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, केसांवरून हात फिरवून तो नाकाशी नेला. तिची करणी गेली होती आणि तिच्या जागी काय ठेवायचं हे तिला कळत नव्हतं. ती माझ्याजवळ आली आणि पहिल्यांदाच हलक्या आवाजात बोलली.

"ह्यानं काय हुईल का गं तुला?"

"काय होईल ते मला ठाऊक नाही, आत्या," मी म्हणाले. "कुणालाच ठाऊक नसेल. कुणाचं आहे तेवढं ठाऊक झालं. लाव."

मी पाटावर जाऊन बसले. आत्यानं पदर खोचला, नवं पान घेतलं, वाटीत बुडवलं आणि माझ्या गळ्याला, मग दोन्ही गालांना आणि कपाळाला हळद लावली.